सांगे-नेत्रावळी: डोंगरातल्या पाण्याची एका दिवसाची सहल, गावच्या वाटाड्यासोबत

रानवाट (मडगाव)

मडगावहून पूर्वेला निघाले की सावर्डे-कुडचडेपर्यंत गर्दी असते. सांगे मागे पडले की रस्ता डोंगरात शिरतो. या डोंगरांमध्ये पाणी साठलेले आहे आणि ते बघायला खुद्द गोव्यातली माणसे फार कमी जातात. मे महिन्याच्या शेवटी आमच्या वाड्यावरच्या मंडळींची एक मिनीबस तिकडे नेली. त्याची माहिती इथे देतो, कारण पुढच्या वर्षी कुणाला जायचे असेल तर तयारी आत्तापासून ठरवता येईल.

सगळ्यात आधी एक सांगतो. ही सहल वाटाड्याशिवाय करू नका. रस्ता नकाशावर सापडतो. पण तिथे पोचल्यावर जे दिसते ते समोरच्या माणसाने सांगितल्याशिवाय कळत नाही. आमच्यासोबत वाडे गावचे एक काका होते. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कुर्डी गावात त्यांचा जन्म. वाडे आणि वालकिणी ही त्या लोकांना वसवलेली गावे.

सकाळी लवकर कुर्डी गाठली, कारण तिथे सावलीला झाड नाही. धरणाचे पाणी मे महिन्यात उतरते तेव्हा गाव वर येते. घरांचे जोते, बांधीव विहिरी, शेतांचे बांध आणि वठलेल्या झाडांचे बुंधे दिसतात. भेगाळलेल्या मातीवरून चालताना काका हाताने दाखवत होते: इथून आमची वाट जायची, इथे भात, इकडे माडांची रांग, पलीकडे काजू आणि फणस. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी सगळी मिळून सुमारे ३,००० माणसे गावात राहायची. १९८६ च्या सुमारास गाव पाण्याखाली गेले. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना स्वतः आले होते. या धरणाने साऱ्या दक्षिण गोव्याचे भले होईल, असे त्यांनी सांगितले आणि लोकांनी ते मानले. हे काकांनी वडिलांकडून ऐकलेले.

एका जोत्यापाशी ते थांबले आणि म्हणाले, हे मोगूबाईंचे घर. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर, जन्म १९०४, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या आणि किशोरीताई आमोणकरांच्या आई. आडनावातले गाव हेच. आमच्यातल्या एक आजी गाणे शिकलेल्या आहेत. त्यांनी चपला काढून त्या दगडांना हात लावला आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. मुलांनाही काही सांगावे लागले नाही, ती आपोआप गप्प झाली.

तिथून नेत्रावळी. गोपीनाथाच्या देवळाची तळी, म्हणजे बुडबुड्यांची तळी. चारी बाजूंनी पायऱ्या, पाणी नितळ हिरवट आणि तळातून सतत वर येणारे बुडबुडे. कधी एकेक, कधी माळ सुटावी तसे. दुपारचे जेवण जवळच्या एका कुळागरात (पोफळीच्या बागेत) सांगून ठेवले होते: उकड्या तांदळाचा भात, अळसांद्यांचे तोणाक, केळफुलाची भाजी, सोलकढी. पोफळींच्या सावलीत मेमधला उकाडा जाणवला नाही.

ऊन उतरल्यावर साळावली धरण. तिथे बाग आहे, खाली सांडवा (भरलेल्या धरणातले जादा पाणी निघून जायची वाट) आहे आणि जवळच कुर्डीचे महादेवाचे देऊळ आहे. या देवळाबद्दल वेगळे लिहायला हवे, खाली कुणी विचारले तर सविस्तर लिहीन. दिवस मावळायच्या आत परतीला लागलो.

निळीशाई

वाचते आहे. देवळाबद्दल लिहाच.

पारोडेकर

छान माहिती. मात्र मे महिन्यात साळावलीला जाणाऱ्यांना सांडव्याची मजा कळणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धरण भरले की ते दृश्य बघा. आपल्याकडच्या बहुतेक धरणांना दरवाजे असतात, पाणी सोडायचे की नाही ते माणूस ठरवतो. इथल्या या सांडव्याला दार नाही. बदकाच्या चोचीसारखी वळलेली भिंत आहे. पाणी तिच्या काठाला टेकले की त्या अख्ख्या वळणावरून एकदम आत कोसळते, आणि तळाशी जाऊन बाहेरच्या पाटाने निघते. वरच्या कठड्यावर उभे राहिले की अंगावर तुषार येतात आणि शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. धरण साधारण ४३ मीटर उंच आहे, म्हणजे पडणारे पाणी किती खोल जाते त्याचा अंदाज करा.

तेव्हा कुर्डी आणि सांडवा या दोन गोष्टी एका सहलीत बसत नाहीत. एक दिसते तेव्हा दुसरे नसते.

रानवाट

पारोडेकर, अगदी बरोबर. म्हणूनच आम्ही पावसाळ्यात पुन्हा जाणार आहोत. ज्यांनी मेमध्ये कुर्डी पायांखाली तुडवली त्यांनीच जुलैत त्याच जागेवरचे पाणी बघावे, असे मला फार वाटते. नुसते भरलेले धरण पाहणाऱ्याला ते सुंदर दिसते आणि तो फोटो काढून निघतो.

निळीशाई, देवळाचे सांगतो. कुर्डीचे महादेव मंदिर कदंबकालीन, म्हणजे गोव्यावर कदंब राजांचे राज्य होते तेव्हाचे, तांबडी सुर्लाच्या जुन्या महादेवाच्या देवळाची आठवण करून देणारे. ते पाण्यात जाणार हे ठरल्यावर पुरातत्त्व खात्याने ते दगड दगड सुटा करून सतरा किलोमीटरवर आणून धरणाजवळ पुन्हा उभे केले. या कामाला अकरा वर्षे लागली. आज बघताना सांधे शोधूनही सापडत नाहीत. तिथे फार कुणी फिरकत नाही. बागेत गर्दी, आणि हाकेच्या अंतरावरचे देऊळ रिकामे. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो बाग दाखवून परत फिरतो.

कुर्डीतली जांभ्या दगडात कोरलेली मातृदेवतेची मोठी मूर्तीही अशीच हलवलेली आहे. ती आता वेर्ण्याला म्हाळसा देवीच्या मूळ स्थानापाशी बघायला मिळते. मडगाव-पणजी रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांनी एकदा थांबून बघा.

सत्तरीचा पाऊस

डोंगरातले पाणी म्हटले की सगळे सांग्याकडे धावतात, म्हणून उत्तर गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्याच्या वतीने लिहितो. केरीजवळचे अंजुणे धरण बघितले आहे का? चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आहे. तीन बाजूंनी डोंगर, वाघेरीचा माथा ढगात, आणि मध्ये पाणी. बेळगावला जाता-येता घाटाच्या वळणावरून ते खाली दिसते. गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटे बघणारे खूप असतात, खाली उतरून जाणारे थोडे. उत्तर गोव्यातून येणाऱ्यांना साखळीमार्गे सहज जमते. वाटेत हरवळेची पांडवांची लेणी आणि धबधबा. दुपारी घरी परतता येते, म्हाताऱ्या माणसांची दमछाक होत नाही.

या धरणाखालीही गावे गेली आहेत बरं का. सत्तरीत त्याबद्दल बोलणारी माणसे अजून आहेत.

काणकोणची माया

मग आमचे चापोलीही त्यात घाला. हेही धरणच, काणकोणच्या चावडी गावापासून आत, जंगलाच्या कुशीत. सकाळी गेलात तर पाणी आरशासारखे आणि पक्ष्यांशिवाय कुणी नाही. तिथे हॉटेले नाहीत, हे मला त्याचे मोठेपण वाटते.

डिचोलीकर

मये तळे कुणी घेतलेच नाही! डोंगरांमधले आहे, लहान मुलांना पायडलच्या होड्या आहेत, आणि हल्ली बंजी उडीसुद्धा. घरच्या मंडळींना घेऊन अर्धा दिवस घालवायला उत्तम.

एका मिनीबसवाल्यांच्या सहलीत गेलो होतो. मये, हरवळे, अंजुणे, तांबडी सुर्ला आणि परत येताना एक मसाल्याची बाग, सगळे एका दिवसात. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे. अंजुण्याला तर गाडीतून उतरून रांगेने फोटो आणि परत गाडीत. मुलगी विचारत होती, बाबा, हे पाणी कुठून येते? सांगायला कुणी नव्हते. सोबतचा गाईड मोबाईलवर पुढच्या ठिकाणच्या जेवणाची सोय बघत होता.

रानवाट

डिचोलीकर, तुमच्या मुलीच्या प्रश्नासाठीच मी हा धागा काढला. दिवसाला दोन पाणी, फार तर तीन. त्याहून जास्त घेतले की गाडीतच दिवस जातो. आणि गाईड बाहेरचा नको, त्या पाण्याकाठचा हवा. त्याला इंग्रजी आले नाही तरी चालेल. आपण सगळे कोकणी-मराठी बोलणारेच ना? त्याला ठरवलेले पैसे सन्मानाने द्यावेत आणि जेवायला आपल्या पंगतीला बसवावे.

वालकिणीची

मी या संकेतस्थळावर बरेच दिवस वाचते, लिहीत नाही. आज लिहिते आहे. माझे माहेर वालकिणीचे, म्हणजे मूळ कुर्डीचे. माझा जन्म गाव बुडाल्यानंतरचा, त्यामुळे मी ते कधी नांदते बघितले नाही. दरवर्षी मेमध्ये वडील आम्हाला घेऊन जायचे. सोमेश्वराच्या देवळाचा उत्सव असतो तेव्हा विखुरलेली सगळी मंडळी जमतात. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कपेलाचेही (छोट्या चर्चचे) फेस्त, म्हणजे उत्सव होतो. मुंबईला गेलेली, वास्कोला नोकरीत असलेली, सगळी येतात. जोत्यांवर बसून डबे उघडतात. आमच्या आजीने एकदा आपल्या स्वयंपाकघराच्या जागेवर बसूनच सगळ्यांना वाढले होते.

रानवाटदादा, तुम्ही वाटाड्याबद्दल लिहिले ते वाचून बरे वाटले. पण काही गोष्टी सांगते. गेल्या काही वर्षांत बातम्या आल्यापासून मेमध्ये तिकडे गाड्यांची रांग लागते. लोक जीप थेट जोत्यांवर चढवतात. विहिरींत बाटल्या टाकतात. देवळाच्या जागी पायताणे घालून उभे राहून फोटो काढतात. कुणी बिअर पितात. जिथे आमचे देव होते आणि माणसे पुरली-जाळली, ती जागा आहे ती. गाव उघडे पडले म्हणजे ते बेवारस झाले असे नाही.

आणि पाण्याचे म्हणाल, तर आमच्या जमिनीवरचे पाणी वास्को-मडगावच्या घराघरांत पोचते. उन्हाळ्यात आमच्या नळाला ते वेळेवर येईल याची खात्री माझ्या वडिलांना आयुष्यभर मिळाली नाही. राग नाही. पण येणाऱ्यांना हे ठाऊक असावे.

निळीशाई

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून हात थांबले. मी मुरगावात राहते. घरी साळावलीचेच पाणी येते हे माहीत होते, त्याखाली कुणाचे स्वयंपाकघर आहे हे नव्हते.

पारोडेकर

वालकिणीची ताई, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले झाले. इथे येणाऱ्यांसाठी कायद्याचेही सांगून ठेवतो. पर्यटनाच्या जागी उघड्यावर दारू पिणे आणि स्वयंपाक करणे यांना गोव्यात २०१९ मध्ये दंड लागू झाला: तेव्हा एकट्याला २,००० रुपये, गटाला १०,०००. तो सगळीकडे वसूल होतो का, हा निराळा विषय. पण आपल्या सहलीत आयोजकाने निघतानाच सांगितले तर दंडापर्यंत वेळ येत नाही.

कुशावती

रिवणचे कुणी लिहिलेच नाही, म्हणून मी लिहिते. नेत्रावळीला जाताना किंवा येताना रिवणमार्गे वाट घ्या. रिवणला जुनी लेणी आहेत. आणि उसगाळीमळ येथे कुशावती नदीच्या काठावर जांभ्याच्या कातळात कोरलेली चित्रे: बैल, रेडे, माणसे आणि ते प्रसिद्ध चक्रव्यूहासारखे वर्तुळ. १९९३ मध्ये ती जगापुढे आली. नदीच्या पाण्याने वर्षानुवर्षे धुतलेला कातळ आहे, पावसाळ्यात पुराचे पाणी वर चढते. हिवाळ्याच्या उतरत्या उन्हात रेषा सर्वांत स्पष्ट दिसतात, भर दुपारी काहीच दिसत नाही.

मला विचाराल तर हा सगळा प्रदेश पाण्याचाच आहे. नदी, तळी, धबधबा, धरण. माणसाने हजारो वर्षे या पाण्याच्या काठाने वस्ती केली, कोरले, देव मांडले. मग शेवटी एक मोठी भिंत घातली.

साधासुधा

बुडबुड्यांच्या तळीबद्दल एक शंका. टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात हे खरे का? आमच्याकडे सांगतात की देवाचे आहे.

कुशावती

टाळ्या सगळेच वाजवतात आणि बुडबुडे आले की आनंदतात. ते टाळ्या नसतानाही येतातच. मी काठावर शांत बसून बघितले आहे, त्यांची स्वतःची एक लय असते, मध्ये थांबतात, पुन्हा सुटतात. कारणांमध्ये कुणी जमिनीतला मिथेन सांगतात, कुणी चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. देवळातल्या मंडळींची श्रद्धा श्रद्धेच्या जागी. ती तळी देवळाची आहे एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. साबण, शाम्पू, पोहण्याचे कपडे घेऊन तिथे जाऊ नये. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, आजी-आजोबांचा हात धरा.

रानवाट

अगदी हेच. आमच्या काकांनी मुलांना टाळ्यांऐवजी एक काम दिले होते. पायरीवर बसायचे आणि एकच जागा निवडून तिथे बुडबुडा कधी येतो ते बघायचे. एरवी मोबाईल न सोडणारी मुले तिथून उठायला तयार नव्हती.

तरुणरक्त

आम्ही कॉलेजचे मित्र जुलैमध्ये जायचा विचार करतोय. सांडवा, तळी आणि सोबत सावरी नाहीतर मैनापी धबधबा. बाईकने. वाटाड्या खरंच लागतो का? नकाशात वाट दिसते.

पारोडेकर

लागतो. नेत्रावळी हे अभयारण्य आहे, १९९९ मध्ये घोषित झालेले, २११ चौरस किलोमीटरचे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क असते. २०२३ च्या जुलैत मैनापीवर दोन तरुण बुडाले आणि त्यानंतर सरकारने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती. निघण्याआधी त्या आठवड्यात वाट खुली आहे का ते वनखात्याकडे विचारा.

नकाशात वाट दिसते, पाणी दिसत नाही. वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही ओढ्याला लोंढा येतो. गावच्या माणसाला पाण्याचा रंग बदलला की कळते. पाणी गढूळ झाले, पाचोळा वाहून यायला लागला की तो तुम्हाला लगेच काठावर काढील. तुम्ही मित्र-मित्र असाल तर कोण काढणार?

सत्तरीचा पाऊस

+१. आणि जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पूड जवळ ठेवा. ओढून काढू नका. पूर्ण पायांचे मोजे घाला. बाईक सावकाश चालवा, पावसात त्या रस्त्यांवर गुरे बसलेली असतात.

तरुणरक्त

धन्यवाद काका. वनखात्यात विचारतो. वाटाड्या ठरवूनच जातो. धबधबा बंद असेल तर सांडवा आणि तळी एवढेच करू.

काणकोणची माया

शाबास. एवढ्यानेही दिवस भरतो.

निळीशाई

मला एक विचारायचे आहे. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांची बरीच नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. त्यांना साळावली एकदा बघायची आहे. जमेल का?

रानवाट

जरूर न्या. बागेपर्यंत गाडी जाते. सांडव्याच्या बाजूला काही पायऱ्या आहेत, त्या टाळूनही वरून चांगले दिसते. महादेवाच्या देवळाकडे चालणे थोडे आहे. तळीला मात्र पायऱ्या उतरू देऊ नका, वरच्या कठड्यावर खुर्ची टाकून बसवा. कुर्डी त्यांच्यासाठी नको, भेगाळलेली जमीन आणि मध्ये मध्ये ओला चिखल, पाय अडकतो. आदल्या पावसाळ्याचे पाणी जास्त उरले असेल तर गाव अर्धेमुर्धेच वर येते, तेव्हा मेमध्येही आधी गावात फोन करूनच निघावे.

सासऱ्यांना सोमवार ते शुक्रवारपैकी एखाद्या दिवशी न्या. रविवारी बागेत पाय ठेवायला जागा नसते.

वालकिणीची

निळीशाईताई, तुम्ही येणार असाल तर आधी इथे लिहा. वडिलांशी बोलले. ते म्हणतात, पाणी सोडण्याचे काम केलेल्या माणसाला मीच धरण दाखवीन, मानधन वगैरे काही नको, चहाला मात्र घरी यायचे.

रानवाटदादा, पुढच्या मेसाठी माझी एक सूचना. सोमेश्वराच्या उत्सवाच्या दिवशी सहल आणू नका, तो दिवस आमच्या लोकांचा असू द्या. त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यात या. गाड्या वरच्या रस्त्यालाच उभ्या करा आणि चालत खाली उतरा. कचऱ्यासाठी पोती आणा, आम्हीही चार-पाच जण येऊ, आधीच्यांनी टाकलेले उचलून नेता येईल.

रानवाट

मान्य, ताई. तसेच करू. उत्सवाची तारीख ठरली की मला कळवा, म्हणजे ती सोडून मंडळींना दिवस सांगतो. पोती आणि हातमोजे मी आणतो. जुलैच्या सहलीसाठी नावे याच धाग्यावर द्या. मडगावच्या जुन्या बाजारातून सकाळी सात वाजता निघू, वाटेत कुडचड्याला भाजी-पाव, आणि सासऱ्यांसाठी पुढची सीट राखून ठेवतो.

डिचोलीकर

आमची दोन नावे घ्या, मी आणि मुलगी. रात्री मडगावला मावशीकडे मुक्कामाला येतो.